आठ दिवस, १२४० मैल: भाड्याची आरव्ही आणि रस्त्याकडेचे कारागीर

मी एकतीस वर्षं एसटीच्या दापोडी कार्यशाळेत बॉडी सेक्शनला काढली. उघडी चासी एका दारानं आत यायची आणि लाल गाडी होऊन दुसऱ्या दारानं बाहेर पडायची. मधलं काम आमचं: सांगाडा, पत्रा, रिवेट, खिडक्या, टप. म्हणून लेकीनं जेव्हा सांगितलं की, "बाबा, या वेळी हॉटेल नाही, गाडीतच राहायचं," आणि मोबाईलवर आरव्हीचे, म्हणजे आत राहायचं घर बांधलेल्या गाडीचे, फोटो दाखवले, तेव्हा मी आधी सांधे शोधायला लागलो. फोटोत पलंग दिसत होता, ओटा दिसत होता, सांधे दिसत नव्हते. ते आठ दिवसांत नीट पाहून घेतले. त्याचा हा अहवाल आहे. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि जे दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे जातात, त्यांनी तो जरूर वाचावा.

लेक राहते नेब्रास्का राज्यात, ओमाहाला. सप्टेंबरचा दुसरा आठवडा धरला, कारण तिकडे लेबर डेची सुट्टी संपली की आरव्हीचं भाडं उतरतं आणि कॅम्पग्राउंडमध्ये जागा मिळते. नऊ वर्षांच्या नातीच्या शाळेतून आठवड्याची परवानगी काढली. आम्ही पाच जण. रस्ता ठरला तो असा: ओमाहाहून उत्तरेला सू फॉल्स, तिथून आय-९० हा हायवे धरून पश्चिमेला साउथ डकोटा राज्य आडवं पार करायचं, मग दक्षिणेला वळून नेब्रास्कातल्या अलायन्स गावी, आणि तिथून हायवे क्रमांक २ नं घरी.

गाडी क्लास सी प्रकारातली, २८ फुटी. फोर्डची ई-४५० चासी, पुढे मूळ कारखान्याची केबिन, तिच्या मागे दुसऱ्याच कंपनीनं बांधलेलं घर आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला, झोपायचा एक बंक. इंजिन ७.३ लिटरचं व्ही-८, पेट्रोलवर चालणारं. मागे जोडचाकं. इंजिनाबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. चढावर दम लागला नाही, उतारावर गिअर आपोआप खाली येऊन गाडी धरत होती, आणि ब्रेक पहिल्या दिवशी जसे होते तसेच शेवटच्या दिवशी. ओझ्याची चासी कशी असावी हे त्या लोकांना समजतं.

घर बांधणाऱ्यांबद्दल असं म्हणता येणार नाही.

भाड्यानं देणाऱ्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण अशा गाड्या बहुतेकांकडे असतात आणि मला दोष एकाच्या माथी मारायचा नाही. ताबा घेताना तिथला मुलगा वीस मिनिटांत सगळं दाखवून मोकळा होणार होता. मी गाडीखाली गेलो. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) अशी इंग्रजी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. मागच्या डाव्या आतल्या टायरचं वय आठ वर्षं भरलं. नक्षी उत्तम होती, त्यामुळे कुणाला शंका आली नसेल. पण आरव्ही महिनोन्महिने उन्हात उभी असते, रबर वापरानं झिजण्याआधी वयानं तडकतं, आणि आतल्या चाकाच्या भिंतीवर बारीक भेगा मला बोटाला लागत होत्या. टायर बदलल्याशिवाय गाडी हलणार नाही असं मी लेकीकरवी सांगितलं. दोन तास गेले. जावई थोडे अवघडले, पण टायर बदलून मिळाला. तुम्हीही हे चार आकडे वाचल्याशिवाय सही करू नका. गाडीबरोबर स्टेपनी नव्हतीच, रस्त्यावर बंद पडलात तर फोन करा, एवढाच करार. ज्या मुलुखात पन्नास-पन्नास मैल फक्त गवत आहे, तिथे हे मला पटलं नाही.

विम्यात लेक आणि जावई यांचीच नावं होती, म्हणून मी सगळा प्रवास क्लीनरच्या बाजूला बसून केला. लेकीला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे मागचा ओव्हरहँग. या गाडीची मागची चाकं बऱ्यापैकी पुढे आहेत आणि त्यांच्या मागे नऊ-दहा फूट घर लटकतंय. उजवीकडे वळायला स्टेअरिंग फिरवलं की ते शेपूट डावीकडे फेकलं जातं. एसटीच्या नव्या ड्रायव्हरांनी स्टँडातल्या खांबाला मागचा कोपरा घासून आणलेला मी कितीदा ठोकून सरळ केलाय. पेट्रोल पंपावर तर हे फार जपावं लागतं. पंपावरचं छत, झाडाची फांदी, बँकेचा गाडीतून पैसे काढायचा बोगदा, सगळीकडे उंची वाचायची. आमची उंची साडेअकरा फूट होती. जावयांनी ती कागदावर लिहून काचेवर चिकटवली, फार बरं केलं.

आणि वारा. साउथ डकोटात आय-९० वर वेगमर्यादा ताशी ८० मैल आहे, पण ती मर्यादा आपल्यासाठी नाही असं समजा. माळ असा की वाऱ्याला अडवायला झाडही नाही, आणि आपण म्हणजे भिंत उभी करून निघालोय. आम्ही ६० च्या वर गेलो नाही. मोठा ट्रक शेजारून गेला की आधी गाडी त्याच्याकडे ओढली जाते आणि मग ढकलली जाते. दोन दिवसांत लेकीचा हात बसला.

सू फॉल्सच्या पश्चिमेला वीसेक मैलांवर, माँट्रोजजवळ, हायवेवरूनच बैलाचं एक प्रचंड डोकं दिसतं. ते पोर्टर स्कल्प्चर पार्क. वेन पोर्टर नावाच्या, पूर्वी मेंढ्या पाळणाऱ्या माणसानं बनवलेलं हे शिल्प ६० फूट उंच आणि २५ टन वजनाचं आहे. त्याला तीन वर्षं लागली. लांबून मला ते कापलेल्या पत्र्याचं वाटलं. जवळ गेल्यावर पाहतो तर रेल्वेच्या रुळाखाली स्लीपरवर जी लोखंडी प्लेट बसवतात, तशा प्लेटा एकमेकींना जोडत नेल्या आहेत. प्रत्येक प्लेट सपाट आणि बैलाचा गाल गोल. सपाट तुकड्यांतून गोलाई काढायची तर प्रत्येक तुकड्याचा कोन शेजारच्यापेक्षा अंशभर वेगळा धरावा लागतो, आणि ते मापानं होत नाही, डोळ्यानंच होतं. आम्ही बसच्या पुढच्या टपाचा कोपरा वळवायचो, तेव्हा चार माणसं लागायची. मी त्या बैलाच्या मानेखाली अर्धा तास उभा होतो. ही मला म्हणाली, "अहो, बाकीचंही बघा की." बाकीचंही छान आहे, शिल्पांशेजारी पोर्टर यांच्याच कविता लावल्यात, लेकीनं वाचून दाखवल्या. तिकीट थोडंसं आहे, ते आनंदानं द्यावं. उन्हाळ्याच्या हंगामात उघडं असतं.

पहिला मुक्काम मिचेलला. तिथे कॉर्न पॅलेस आहे, म्हणजे मक्याचा महाल. इमारत विटा-काँक्रीटचीच, पण बाहेरच्या भिंतींवरची सगळी चित्रं मक्याच्या कणसांची. पहिला महाल १८९२ मध्ये उभारला होता, इथली जमीन कसदार आहे, या आणि वस्ती करा, हे लोकांना दाखवायला. आताची इमारत १९२१ ची, आणि तिच्यावरचे घुमट नंतर, १९३७ मध्ये बसवले. चित्रं दर वर्षी नवी. आम्ही गेलो ते नेमके काम चालू असताना. ऑगस्टअखेर जुनी कणसं उतरवतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत नवी चढवतात, त्यामुळे अर्धी भिंत भरलेली आणि अर्धी उघडी होती. मला तर उघडी भिंतच जास्त पाहायची होती. काळ्या डांबरी कागदावर चित्राच्या रेघा काढलेल्या असतात आणि प्रत्येक कप्प्यात कुठल्या रंगाचं कणीस ते लिहिलेलं. कणसाचे उभे दोन भाग करायचे आणि सपाट बाजू भिंतीला लावून खिळे मारायचे. लाल, काळा, निळसर, पांढरा, नारिंगी, तपकिरी, असे डझनभर रंग, आणि एकही रंगवलेला नाही, तसा मकाच पिकवतात. कडेला राय आणि ओटच्या लोंब्या. ऑस्कर हाउ या डकोटा जमातीतल्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, चित्रकारानं १९४८ ते १९७१ या काळात इथल्या चित्रांचे आराखडे केले होते.

आत बास्केटबॉलचं मैदान आहे. मला वाटलं होतं प्रदर्शन असेल, तर गावातली पोरं तिथे खेळतात. हे मला फार आवडलं. प्रवेशाला पैसे नाहीत. हिनं बाहेर पडलेलं एक कणीस उचलून दाणा चावून पाहिला आणि "हा खायचा नाही, टणक आहे," असा निकाल दिला. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही, पण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर गेलात तर भिंतीवर काम करणाऱ्यांकडे बघत राहा.

आता घराबद्दल. पहिल्या रात्री कॅम्पग्राउंडमध्ये गाडी लावली. आधी प्लॅस्टिकचे ठोकळे चाकाखाली देऊन गाडी समपातळीत आणायची. जावयांना वाटलं झोपायच्या सोयीसाठी. खरं कारण फ्रिज. हा फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो, त्याला कॉम्प्रेसर नाही, आतलं अमोनियाचं पाणी उतारानंच फिरतं. गाडी तिरपी राहिली की ते अडतं आणि फ्रिज थंड करायचा थांबतो. मग वीज जोडायची, ३० अँपिअर, १२० व्होल्ट, म्हणजे सगळे मिळून ३६०० वॉट. एसी चालू, पाणी तापवायचा हीटर विजेवर, आणि कुणी मायक्रोवेव्ह लावला की बटण खाली. एका वेळी दोनच मोठी कामं, हा नियम आम्ही पहिल्याच संध्याकाळी शिकलो.

पाण्याच्या तीन टाक्या असतात. एक ताज्या पाण्याची, आमची ४० गॅलन, म्हणजे १५० लिटर. दुसरी बेसिन आणि न्हाणीच्या सांडपाण्याची, तिला करडी टाकी म्हणतात. तिसरी संडासाची, ती काळी. रिकामी करताना आधी काळी, नंतर करडी, म्हणजे साबणाच्या पाण्यानं तोच पाईप धुऊन निघतो. हातमोजे घालायचे, पाईपची पिळाची जोडणी आपल्या हातानं ओढून पाहायची, मगच झडप उघडायची. हे काम आठही दिवस मी केलं. नातीला सगळं समजावून सांगितलं, तिनं त्याचं चित्र काढून वर्गात दाखवलं.

पाण्याचा हिशेब मात्र आमच्या हिनं सांभाळला. तिचं माहेर माण तालुक्यातलं, तिच्या लहानपणी दोन कळश्यांत घर आवरायचं. लेक आणि जावई शॉवर सोडून उभे राहायचे, तर करडी टाकी दुसऱ्याच दिवशी भरत आली. हिनं एक स्टीलचं पातेलं आणि तांब्या न्हाणीत ठेवला. अंग ओलं करायचं, पाणी बंद, साबण, मग चार तांबे. त्यानंतर बॅडलँड्समध्ये दोन रात्री आम्हाला जागेवर नळ नव्हता, वीज तेवढी होती, तरी पाच माणसांना टाकीतलं पाणी पुरून उरलं.

स्वयंपाकाला तीन शेगड्या, गॅसवरच्या. पिठलं, भात, थालीपीठ, सगळं झालं. फक्त धुराचा अलार्म शेगडीपासून पाच फुटांवर, आणि त्याला फोडणी आणि आग यांतला फरक कळत नाही. फोडणीआधी छतावरचा झरोका उघडून पंखा लावायचा आणि दार उघडं ठेवायचं. मिरचीची फोडणी आम्ही बाहेरच्या टेबलावर छोट्या शेगडीवर केली.

दुसऱ्या दिवशी चेंबर्लेनला मिझूरी नदी लागते. हायवेच्या विश्रांतिस्थळावरच, नदीच्या काठाला, ५० फुटी स्त्रीची उभी मूर्ती आहे, डिग्निटी नावाची. डेल लॅम्फिअर यांनी केलेली, २०१६ मध्ये उभी राहिली. सगळी स्टेनलेस स्टीलची. तिथल्या मूळ रहिवासी, लकोटा-डकोटा बायकांच्या वेषात, पाठीवर दोन्ही हातांनी धरलेली चांदणीच्या नक्षीची गोधडी. गोधडीचे निळे चौकोन वाऱ्यानं हलतात, प्रत्येक वेगळा. मी वेल्डिंग बघायला पुढे गेलो आणि ही तशीच मागे उभी. तिनं आयुष्यात पन्नासेक गोधड्या शिवल्यात. म्हणाली, "हिनं पांघरलेली नाही, वाळत घालतात तशी धरलीय. वारा खाऊ देतेय." मी परत येऊन पाहिलं. दोन्ही हात पसरलेले, मान किंचित वर. तिचं बरोबर होतं. इथे पैसे लागत नाहीत, गाडी लावायला जागा मोठी आहे, संध्याकाळी थांबा, नदीकडून उजेड येतो.

चेंबर्लेनच्या पुढे वॉल ड्रग या दुकानाच्या पाट्या सुरू होतात, खरं तर त्याही आधीपासून. शेताच्या कुंपणाला लाकडी पाट्या, दर थोड्या अंतरावर. थंड पाणी फुकट, कॉफी पाच सेंट, डोनट. मधेच एके ठिकाणी घड्याळ एक तास मागे जातं, राज्य तेच, वेळ वेगळी. नातीनं पाट्या मोजायला घेतल्या आणि शंभराच्या पुढे सोडून दिल्या.

वॉल हे हजाराच्या आतल्या वस्तीचं गाव. टेड आणि डोरोथी हस्टेड या जोडप्यानं १९३१ मध्ये तिथलं औषधाचं दुकान घेतलं. मंदीचा काळ, आजूबाजूला दुष्काळ. पाच वर्षं बघू, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि पाच वर्षं संपत आली तरी गिऱ्हाईक नव्हतं. १९३६ च्या जुलैत, एका तापलेल्या दुपारी डोरोथी मुलांना घेऊन पडली होती, पण रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजानं झोप लागेना. त्या गाड्यांतल्या माणसांना तहान लागली असेल, असं तिच्या मनात आलं. तिनं नवऱ्याला पाट्या लावायला सांगितल्या: बर्फाचं पाणी फुकट. टेडनं एका मुलाला मदतीला घेऊन हायवेला पाट्या रोवल्या, आणि तो परत येईस्तोवर दुकानात लोक आले होते.

आपल्याकडे पाणपोई धर्माची असते, तिथे ती दुकानाची झाली. पण मला त्यात कमीपणा वाटला नाही, कारण पाणी अजूनही फुकट आहे आणि त्यासाठी काही विकत घ्यायची सक्ती नाही. मागच्या अंगणात नळ आहेत, आमच्या सगळ्या बाटल्या भरून घेतल्या. कॉफीही खरोखर पाच सेंटला मिळते. दुकान आता एका गल्लीएवढं झालंय: बूट, टोप्या, पुस्तकं, प्रार्थनेची खोली, लाकडी माणसं, डरकाळ्या फोडणारा डायनासोर, सशाला शिंगं लावलेला एक काल्पनिक प्राणी ज्यावर नात बसली. औषधाचं दुकानही आहे, हिच्या गुडघ्याचं मलम तिथूनच घेतलं. डोनट ताजे आणि चांगले. शोभेच्या वस्तूंपैकी बऱ्याच आपल्याला कुठेही मिळतील अशा, त्यावर पैसे घालवू नका. गावाबाहेर हायवेला ८० फुटी हिरवा डायनासोर आहे, तो मात्र गाडी थांबवून बघावा.

वॉलपासून बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान अगदी जवळ आहे. दोन रात्री तिथल्या सीडर पास कॅम्पग्राउंडला होतो. तिथल्या डोंगरांना मातीचे आडवे पट्टे आहेत, राखाडी, गुलाबी, पिवळट, आणि पाण्या-वाऱ्यानं ते वर्षाला सुमारे एक इंच झिजतात. उद्यानाच्या केंद्रात जीवाश्म साफ करणारी माणसं काचेमागे नाही, समोर बसून काम करतात, तुम्ही विचारू शकता. २०१० मध्ये त्या केंद्राजवळच सात वर्षांच्या एका मुलीला सुळेदार मार्जाराच्या कवटीचा जीवाश्म दिसला होता. हे ऐकल्यावर आमची नात दोन दिवस जमिनीकडे बघत चालत होती.

पहिल्याच रात्री तिथे पाऊस झाला, जोराचा. पहाटे बंकमध्ये झोपलेल्या नातीची उशी ओली. मी टॉर्च घेऊन वर चढलो. केबिनच्या डोक्यावर पुढे आलेल्या भागाचा पुढचा सांधा, जिथे समोरचं फायबरचं तोंड आणि छताचं रबर एकत्र येतं, तिथून पाणी आत येत होतं. ही जागा अशा गाडीची सगळ्यात दुबळी जागा आहे. ६० मैल वेगानं येणारं पाणी थेट त्या सांध्यावर आदळतं, आणि खाली चासी पिळली जाते तेव्हा पहिला ताण तिथेच येतो. एसटीच्या टपाला आम्ही पत्र्यावर पत्रा असा चढवायचो की वरचा पत्रा खालच्यावर कौलासारखा बसेल आणि पाणी घरंगळून जाईल. मग रिवेट. इथे दोन कडा टोकाला टोक लावून मध्ये नुसतं सीलंट, म्हणजे फट बुजवायचा लगदा, भरलेलं आणि वर एक पट्टी. सीलंट वाळलं की संपलं. आतून लाकडी पट्ट्या आणि फोम, बाहेरून चिकटवलेली फायबरची कातडी. पाणी एकदा आत गेलं की लाकूड आतून कुजतं आणि बाहेरून काही कळत नाही. दाबून पाहिलं तर एक कोपरा आधीच मऊ लागला. म्हणजे हे पाणी पहिल्यांदा आलेलं नव्हतं.

कंपनीला फोन केला. फोटो पाठवा म्हणाले, आणि टॉवेल ठेवा. दुसऱ्या दिवशी आम्ही वॉलला जाऊन आरव्हीच्या छताचं सीलंट आणि चिकटपट्टी आणली. मी सांधा पुसून, वाळवून, भरून घेतला. पुढच्या पावसात थेंब आला नाही. खर्च १९ डॉलर.

रॅपिड सिटीजवळ एक मुक्काम करून माउंट रशमोर पाहिला. चार राष्ट्राध्यक्षांचे ६० फुटी चेहरे, १९२७ ते १९४१ या काळात कोरलेले. काम मोठं आहे यात शंका नाही, पण ज्या डोंगरात ते कोरलं तो लकोटा लोकांचा पवित्र डोंगर, हे वाचल्यावर माझं मन तिथे फार रमलं नाही. तासाभरात निघालो.

आणि अलायन्स. कारहेंज हे नाव ऐकून मला ती थट्टा वाटली होती. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या उभ्या दगडांच्या पुरातन रिंगणाची नक्कल, दगडांऐवजी मोटारी. गावाबाहेर शेतात, ९६ फूट व्यासाच्या रिंगणात, ३९ जुन्या गाड्या, सगळ्यांना राखाडी रंग. जिम राइंडर्स यांनी १९८७ मध्ये वडिलांच्या आठवणीसाठी बांधलं. त्यांचे वडील याच शेतावर राहायचे. घरातली पस्तीसेक माणसं जमली आणि सगळ्यांनी मिळून काम केलं. गावाला आधी ते नको होतं, पाडायची भाषा झाली, नंतर गावानंच ते आपलं म्हटलं, आणि २०१३ पासून ते नगरपालिकेकडे आहे.

बांधणी अशी: उभ्या गाड्या डिकीकडून पाच फूट खोल खड्ड्यात रोवल्या, आणि दोन गाड्यांच्या डोक्यावर तिसरी आडवी ठेवून वेल्डिंग केलं. आडवी गाडी हलत नाही. मी हात लावून पाहिलं, धक्का देऊन पाहिलं. इतक्या वर्षांचा नेब्रास्काचा वारा, बर्फ, आणि टाके धरून आहेत. कारण त्या वेळच्या गाड्यांना खालून खरी चासी होती, लोखंडाला लोखंड जोडलंय. आजच्या पातळ पत्र्याच्या गाड्या घेऊन हे उभं राहिलं नसतं. मध्यबिंदूपासून दूर एकटी उभी आहे ती १९६२ ची कॅडिलॅक.

लेकीनं तिथे मला विचारलं, "बाबा, तुम्ही बांधलेली एखादी गाडी कुठे असेल का अजून?" नसेल. एसटीची गाडी आयुष्य संपलं की भंगारात जाते, लिलाव होतो, पत्रा वितळतो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या शेतात वाटलं. प्रवेश फुकट आहे, सूर्योदयाला जा, मोठी आरव्ही लावायला जागा आहे.

अलायन्सहून हायवे २ नं परत. सँडहिल्सच्या गवताळ टेकड्या, आणि रस्त्याला लागून रेल्वे. वायोमिंगच्या खाणींतून कोळसा घेऊन येणाऱ्या मालगाड्या, शंभरावर वाघिणी. वळणावर पुढचं इंजिन आणि मागचं इंजिन एकदम दिसतं. अख्ख्या प्रवासात गाडी चालवायला सगळ्यात सुखाचा रस्ता हाच. वारा कमी, रहदारी नाही. शेवटचा मुक्काम याच रस्त्यावर.

खर्च. भाडं सात रात्रींचं, रात्रीला १४५ डॉलर. रोजचे १०० मैल त्यात, वरच्या ५४० मैलांना मैलामागे ४५ सेंट. विमा, सफाई आणि कॅम्पग्राउंड मिळून ५८५ डॉलर. पेट्रोल १४६ गॅलन, म्हणजे लिटरला ३.६ किलोमीटर. भरलेली एसटी डिझेलवर यापेक्षा जास्त देते. सगळं मिळून कर सोडून सुमारे २३०० डॉलर, पाच माणसांचं, जेवण वेगळं. मोटार आणि दोन खोल्यांचं हॉटेल घेतलं असतं तर फार फरक पडला नसता, थोडं कमीच झालं असतं. पैसे वाचवायला आरव्ही घेऊ नका. पण हिला सकाळी सहाला आपल्या हातचा चहा मिळाला, माझ्या गुडघ्यांना रोज सामान चढवा-उतरवायला लागलं नाही, संडास कायम दहा पावलांवर, आणि जिथे वाटलं तिथे गाडी बाजूला घेऊन जेवलो. साठीनंतरच्या माणसांना याचं मोल कळेल. पुन्हा घेईन, फक्त २८ ऐवजी २४-२५ फुटी घेईन, आणि चौघांपेक्षा जास्त माणसं नेणार नाही.

परत देताना त्या मुलानं पेट्रोल, मैल आणि जनरेटरचे तास पाहिले, आत डोकावला, आणि सही मागितली. मी लिहून ठेवलेली यादी लेकीनं इंग्रजीत करून दिली होती, अकरा कलमं. टायर, नसलेली स्टेपनी, न्हाणीच्या दाराची सैल कडी, शेगडीच्या डाव्या बाजूचा हलणारा ड्रॉवर, असं करत शेवटचं कलम बंकच्या सांध्याचं. त्याला शिडी आणायला लावली आणि वर चढवून तो मऊ कोपरा अंगठ्यानं दाबायला सांगितला. त्यानं दाबला. मग दुसऱ्यांदा दाबला, खाली उतरला आणि आतून साहेबांना बोलावून घेऊन आला. दोघं वर चढून बराच वेळ बोलत होते. १९ डॉलर त्यांनी परत दिले. गाडीच्या काचेवर लाल कागद लावला, दुरुस्तीशिवाय द्यायची नाही असा, आणि ती मागच्या शेडमध्ये नेली.